क्वालिसचा पंप उघडण्याआधी टाकीपासून सुरुवात करा

वाईच्या एका क्वालिसमालकांनी विचारलं आहे: "2003 ची क्वालिस आहे, अडीच लाख किलोमीटरच्या वर चालली आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. सुरू झाली की पांढरा धूर येतो, चार-पाच मिनिटांत थांबतो. दिवसभर नंतर काही त्रास नाही. पण पसरणी घाट चढताना पाय पूर्ण दाबला तरी गाडी ओढत नाही, मध्येच झटके देते. सपाटीवर ठीक पळते. मेकॅनिक म्हणतो डिझेल पंप गेला, ओव्हरहॉल करावा लागेल. करून टाकू का?"

लगेच करू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पंप गेला असं कुणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. माझं सगळं काम पंप आणि नॉझलचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचं) आहे, तरीही सांगतो, की असे पंप खोलायला येतात तेव्हा त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा दोष पंपाच्या अलीकडे, टाकी ते पंप या वाटेवर असतो. पंप महाग असतो, आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून आळ त्याच्यावर येतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत आहे. पंप नवा करून बसवला तरी सकाळी सेल्फ तितकाच मारावा लागतो, आणि मग नॉझल, मग हेड, अशी खर्चाची साखळी लागते.

आधी तुमच्या गाडीत डिझेल जातं कसं ते समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. क्वालिसला 2446 सीसीचं टोयोटाचं 2एल इंजिन आहे आणि त्याला व्हीई जातीचा रोटरी पंप आहे. यात प्लंजर, म्हणजे डिझेल दाबून पुढे ढकलणारा दांडा, एकच असतो. तो फिरतोही आणि पुढेमागे सरकतोही, आणि चारही नॉझलांना पाळीपाळीने डिझेल देतो. टाकीतून डिझेल ओढून आणायला टाकीत मोटर नाही, वाटेत दुसरा पंपही नाही. रोटरी पंपाच्या पोटातच पात्यांचा छोटा फीड पंप आहे, तोच टाकीपासून सगळं डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपाच्या तोंडापर्यंतची सगळी लाइन ओढीवर चालते. फाटलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढायचा प्रयत्न करून पाहा, तेच इथे होतं. लाइनला बारीक चीर असेल तर गाडी चालू असताना तिथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून "कुठेही लिकेज नाही, सगळं कोरडं आहे" हे मेकॅनिकचं म्हणणं खरं असूनही गाडी एअर घेत असू शकते.

दुसरी गोष्ट. तो फीड पंप पंपाच्या पोटात जो दाब तयार करतो तो आयडलिंगला साधारण तीनेक बार असतो आणि फेऱ्या वाढतील तसा सात-आठ बारपर्यंत चढतो. याच दाबाने आतला टायमर सरकतो आणि वरच्या फेऱ्यांना टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, पुढे जातं. आता डिझेल अपुरं आलं किंवा बुडबुड्यांसकट आलं, तर पोटातला दाब चढत नाही, टायमिंग पुढे जात नाही आणि गाडी नेमकी भाराखाली मरते. सपाटीवर पन्नास-साठच्या वेगाने जाताना इंजिनाला डिझेल थोडंच लागतं, तिथे काही जाणवत नाही. घाटात पाय दाबून चढताना मागणी वाढते आणि दोष उघडा पडतो. तुमची सकाळची तक्रार आणि घाटातली तक्रार, दोन्ही एकाच चिरेतून किंवा एकाच तुंबलेल्या फिल्टरमधून येऊ शकतात. दोन वेगळी दुखणीही असू शकतात. ते ठरवायला पुढच्या तपासण्या आहेत. त्या एकामागून एक करा, आणि एका वेळी एकच वस्तू बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी होईलही, पण कशाने झाली हे कधी कळणार नाही.

पहिली तपासणी फुकटची आहे. घाटात गाडी ओढेनाशी झाली की सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि डिझेल टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा फुस्स आवाज आला आणि झाकण सैल ठेवून गाडी पुन्हा ओढायला लागली, तर झाकणाचा श्वास बंद झालाय. टाकीत निर्वात होतो आणि बिचारा फीड पंप त्याच्याशी झगडत राहतो. झाकण बदला, संपलं.

दुसरी तपासणी सकाळची, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची. रात्रभर गाडी उभी राहू द्या. सकाळी किल्ली न लावता बॉनेट उघडा आणि डिझेल फिल्टरच्या डोक्यावर जो हँड प्रायमर असतो, तो दाबून बघा. तो पहिल्या दाबालाच कडक लागला, तर लाइन भरलेली आहे. पोकळ लागला, दहा-पंधरा दाबांनंतर हळूहळू कडक झाला, तर रात्री डिझेल टाकीकडे परतलंय आणि त्याच्या जागी हवा आली आहे. आता प्रायमर कडक होईपर्यंत दाबा, मग नेहमीसारखा हीटरचा दिवा जाऊ द्या आणि सेल्फ मारा. गाडी पटकन सुरू झाली, तर गुन्हेगार हवा. प्रायमर आधीपासून कडक होता, तरीही खूप सेल्फ लागला आणि पांढरा धूर आला, तर हवेचा पिच्छा सोडून हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) आणि कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याकडे) वळा. एका सकाळीत निम्मं निदान होतं, आणि त्यासाठी एक पैसा लागत नाही.

याच्या जोडीला आणखी एक बघा. तुमच्याकडे उतार असेल तर एका रात्री गाडी तोंड वर करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड खाली करून. टाकी मागे आहे. तोंड वर असताना पंप टाकीपेक्षा आणखी उंचावर जातो आणि हवेला वाट असेल तर डिझेल लवकर मागे पळतं. तोंड खाली असताना सकाळी सहज सुरू होते आणि तोंड वर असताना रडते, असा फरक दिसला तर शंका ठेवू नका.

हवा कुठून येते ते शोधायला पारदर्शक होज पाइप लागतो. डिझेलला टिकणारा, योग्य मापाचा, वीतभर तुकडा. तो फिल्टर आणि पंपाचं तोंड यांच्यामध्ये लावायचा. प्रायमरने हवा काढून गाडी सुरू करायची आणि त्या तुकड्याकडे नीट बघायचं. सुरुवातीचे काही क्षण बुडबुडे जाणारच, ते सोडून द्या. वळणावर एखादा मोठा बुडबुडा अडकून हलतच नसेल तर त्याचंही काही नाही. पण बारीक बुडबुड्यांची माळ थांबायचं नावच घेत नसेल, फेऱ्या वाढवल्या की दाट होत असेल, तर लाइन हवा घेते आहे. मग तोच तुकडा फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावा. तिथेही माळ दिसली तर चीर मागे आहे. तिथे दिसत नाही पण फिल्टरनंतर दिसते, तर फिल्टरचं रबर सील, पाणी काढायचा खालचा कॉक किंवा प्रायमरचा डायफ्राम हवा घेतोय. जुन्या गाड्यांत प्रायमरचा डायफ्राम हमखास चिरतो. काम झालं की पारदर्शक तुकडा काढून टाका, तो उष्णतेने कडक होऊन स्वतःच चिरतो.

मागच्या बाजूची चीर कशी लपते ते सांगतो, कारण ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. टाकीच्या डोक्यावर धातूची नळी संपते आणि रबरी होज सुरू होतो, त्या सांध्यावर क्लॅम्प असतो. एका क्वालिसवर पंप ओव्हरहॉल होऊनही सकाळचा त्रास तसाच होता. तो होज वरून काळाभोर, धड दिसत होता. हातात धरून क्लॅम्पजवळ वाकवला तेव्हा क्लॅम्पच्या कडेखाली केसाएवढ्या चार-पाच चिरा उघडल्या, हात सोडला की पुन्हा मिटल्या. कुणीतरी स्क्रूचा क्लॅम्प जीव खाऊन आवळला होता आणि पट्टीची कड रबरात रुतली होती. हातभर होज बदलला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायला लागली. म्हणून होज नुसता बघू नका, प्रत्येक टोकाला वाकवून बघा. बदलताना डिझेलसाठीचाच होज घ्या, पाण्याचा किंवा गॅसचा नको. सांध्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून पंपात जातात.

परतीची लाइन लोक विसरतात. नॉझलांच्या डोक्यावरून जाणारी परतीची पाइप, तिच्याखालचे वॉशर आणि टोकाचा छोटा रबरी होज, यांतूनही गाडी बंद असताना हवा शिरते आणि पंप रिकामा होतो. तिथे डिझेलचा ओलावा, धुळीचा काळा थर दिसला तर वॉशर नवे टाका. आणि एक खास सूचना: पंपाच्या परतीच्या तोंडाच्या बँजो बोल्टवर (ज्याच्या आतून डिझेल जातं अशा पोकळ बोल्टवर) इंग्रजीत "आउट" असं कोरलेलं असतं. त्याच्या पोटात अगदी बारीक छिद्र असतं, तेच पंपातला दाब राखतं. इनलेटचा बोल्ट बाहेरून तसाच दिसतो. कुणी काम करताना दोन्हींची अदलाबदल केली, तर एकीकडे डिझेल कमी येतं आणि दुसरीकडे दाब राहत नाही. गाडी रडत सुरू होते, ओढत नाही, आणि सगळे पंपाला दोष देत बसतात. तुमच्या गाडीचं आधी काही काम झालं असेल तर हे बोल्ट जरूर तपासा. काही पंपांत इनलेटच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते, तीही काढून धुवा.

हवा नसेल तर अडथळा बघा. डिझेल फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला, आणि तो बाटलीतलं डिझेल ओतून भरू नका. वरून ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला गेलं तर त्यातला कचरा सरळ पंपात जातो. रिकामा बसवा आणि प्रायमरने भरा, हात दुखला तरी चालेल. फिल्टरखालचा कॉक सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या, तासभर ठेवा. तळाला पाणी बसलं, किंवा काळी बुळबुळीत शेवाळासारखी घाण दिसली, तर टाकी उतरवून धुवावी लागेल. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांची ही घाण असते. जास्त काळ उभ्या राहिलेल्या गाडीत आणि पावसाळ्यानंतर हे हटकून दिसतं. टाकीत ओढणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी असते, ती तुंबली की गाडी अगदी तुमच्यासारखीच वागते: सपाटीवर राजा, घाटात भिकारी.

अडथळा आहे की नाही हे नुसत्या अंदाजावर सोडायचं नसेल, तर चांगला मेकॅनिक पंपाच्या तोंडाशी तीन तोंडांचा टी-जोड लावून व्हॅक्यूम गेज लावेल. होज लांब घेऊन गेज बाहेरून काचेवर वायपरखाली चिकटवायचं, गाडीच्या आत डिझेलचा पाइप आणायचा नाही. सपाटीवरची सुई बघून ठेवा, मग घाटात बघा. नव्या, मोकळ्या लाइनवर सुई फारशी हलत नाही. चढावर ती सरकत सरकत जात असेल आणि त्याच वेळी गाडी बसत असेल, तर पंप उपाशी आहे. उपाशी पंपाला नवे भाग घालून त्याचं पोट भरणार नाही.

आता पांढरा धूर. डिझेलच्या वासाचा, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. तुमचं इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे, म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत जळायला लागतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. त्या खोलीच्या भिंती थंड असतात, उष्णता खातात, म्हणून कॉम्प्रेशन रेशो 22 च्या वर असूनही अशा इंजिनाला थंडीत हीटर प्लगशिवाय चालत नाही. वाईला डिसेंबरात पहाटे गारठा असतो, चारपैकी दोन प्लग गेले की खूप सेल्फ आणि पांढरा धूर ठरलेला. प्लगांना जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लग मल्टिमीटरवर वेगळा मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. पट्टी न काढता मोजलं तर एक चांगला प्लग बाकीच्यांची लाज झाकतो. प्लग ठीक असतील तर किल्ली फिरवल्यावर पट्टीवर बॅटरीचे व्होल्ट येतात का बघा. न आल्यास रिले किंवा फ्यूज. प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या आणि जोर लावू नका. हेडमध्ये तुटलेला प्लग काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

एक कळकळीची विनंती. सकाळी सुरू होत नाही म्हणून एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा अजिबात नको. तापलेल्या हीटर प्लगसमोर ते वेळेआधीच पेट घेतं. पिस्टनच्या रिंगा तुटतात, हेड उडतं, आणि वाकून बघणाऱ्याचा चेहरा भाजतो.

हीटर नीट, हवा नाही, तरी धूर आणि फडफड असेल तर कोणता सिलिंडर आळशी आहे ते शोधा. गाडी आयडलिंगला ठेवून एकेका नॉझलचा पाइप नट पाऊण आटा सैल करायचा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिन अडखळतं तो सिलिंडर काम करत होता. ज्याने काही फरकच पडत नाही तो आळशी. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि उडणाऱ्या डिझेलसमोर हात नको. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टाचणीएवढी जखम दिसते, आतून बोट जाऊ शकतं. तसं झालं तर मलम लावत बसू नका, तडक हॉस्पिटल. आणि ही तपासणी फक्त अशा जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे. 2005 मध्ये क्वालिसच्या जागी आलेली डिझेल इनोव्हा कॉमन रेल आहे, म्हणजे चारही नॉझलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं, तिच्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. तिथे चालू इंजिनाचा नट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ.

इथेच पंपाबद्दलची एक सोपी कसोटी मिळते. प्लंजर एकच असल्याने तो झिजला तर चारही सिलिंडरांना सारखंच कमी डिझेल मिळतं. एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर प्लंजर दोषी नाही. त्या सिलिंडरचं नॉझल, पंपाच्या डोक्यावरचा त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन, एवढ्यातच उत्तर आहे. आळशी सिलिंडरचं नॉझल शेजाऱ्याशी बदलून बघा. मिसिंग नॉझलबरोबर शेजारी गेलं तर नॉझल, तिथेच राहिलं तर इतर.

अडीच लाख किलोमीटरवर नॉझल तपासून घेणं तसंही योग्यच. टेस्टरवर तीन गोष्टी बघायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा: किती दाबाला उघडतं, फवारा कसा पडतो, आणि उघडण्याच्या थोडं खालचा दाब धरून ठेवला तर टोकाशी थेंब जमतो का. तुमच्यासारख्या इनडायरेक्ट इंजिनाची नॉझलं साधारण 100 ते 150 बारच्या टप्प्यात उघडतात. नेमका आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यायचा, आणि चारही एकसारखी हवीत. फवारा धुक्यासारखा हवा, पिचकारीसारखी धार नको. परत बसवताना खालचे वॉशर आणि सीट नवेच, जुने उलटे करून टाकायचे नाहीत. जुन्या वॉशरमधून गॅस निसटतो, नॉझल तापतं आणि महिन्याभरात पुन्हा तोच खेळ.

कॉम्प्रेशनबद्दल थोडक्यात. धडधाकट इंजिन 30 बारच्या आसपास दाखवतं, 20 च्या खाली गेलं तर पंप-नॉझलवर पैसे घालणं थांबवा आणि आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) बघा, मग व्हॉल्व्ह आणि रिंग. गेज डिझेलचंच हवं, पेट्रोलचं गेज फुटेल. टायमिंग बेल्ट साधारण लाख किलोमीटरला बदलायचा असतो आणि पंपही त्याच बेल्टवर फिरतो. बेल्ट एक दात उडाला तर टायमिंग मागे जाऊन तुमच्यासारखीच लक्षणं देतो. बेल्ट नुकताच बदललेला असेल आणि त्रास त्यानंतर सुरू झाला असेल, तर बाकी सगळं सोडून खुणा जुळतात का ते आधी बघा.

आणि आता पंप. तो खरंच जातो, नाही असं नाही. झिजलेल्या पंपाची खूण थंडीत नाही, उन्हात दिसते. सकाळी थंड गाडी बरी सुरू होते, पण तासभर चालवून, चहासाठी दहा मिनिटं थांबवून पुन्हा सेल्फ मारला की सुरूच होत नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या प्लंजरच्या कडेने निसटतं. सेल्फच्या कमी फेऱ्यांना नॉझल उघडण्याएवढा दाबच बनत नाही. अशा वेळी पंपावर ओलं फडकं ठेवा, गार होऊ द्या. त्यानंतर सुरू झाली तर पंपाचं हेड आणि प्लंजर झिजले आहेत. थंड पाण्याची बादली ओतू नका, गरम पंप आकसून आतला प्लंजर अडकू शकतो. तुमची तक्रार बरोबर उलटी आहे: थंडीत त्रास, गरम झाल्यावर आनंद. म्हणूनच पहिल्या वाक्यात मी नाही म्हटलं.

पंपाचे सील मात्र वेगळा विषय. वरच्या झाकणाचं पॅकिंग, अॅक्सिलरेटरच्या शाफ्टचं ओ-रिंग आणि पुढच्या शाफ्टचं सील, ही रबरं वयाने कडक होतात. चालू गाडीत पोटातल्या दाबाने तिथून डिझेल पाझरतं, बंद गाडीत तिथूनच हवा आत जाते. पुढचं सील गेलं तर डिझेल बेल्टवर उडतं आणि बेल्ट सडतो, ते काम थांबवू नका. आपल्याकडच्या डिझेलमधलं गंधक तुमची गाडी घेतली तेव्हापासून खूप कमी झालंय, एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएमचं डिझेल मिळतं. गंधक काढताना डिझेलचा मूळचा स्निग्धपणा आणि रबर फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात, त्यामुळे जुन्या रबराचे सील आकसून पाझरल्याच्या तक्रारी येतात. वंगणासाठी कंपन्या डिझेलमध्ये घटक मिसळूनच देतात, तेव्हा टाकीत टू-स्ट्रोक ऑइल ओतत बसायची गरज मला वाटत नाही. खरा शत्रू रॉकेलची भेसळ. इंजिन ऑइलवर चालणाऱ्या जुन्या इनलाइन पंपांसारखं व्हीई पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याचं सगळं वंगण डिझेलच करतं. स्वस्त डिझेलच्या मोहाने असे पंप खराब झालेले मी सतत बघतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण क्वालिसचा पंप नीट जपला तर इंजिनाइतकाच टिकतो.

सगळं तपासूनही पंप उतरवायची वेळ आलीच, तर उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर मिळून एक रेघ ओढून घ्या. तुमचा पंप डेन्सो बनावटीचा आहे आणि आपल्याकडचे बरेच कारागीर मायकोच्या (म्हणजे बॉशच्या) पंपांवर शिकलेले आहेत, तेव्हा डेन्सोच्या व्हीई पंपाचा टेस्ट प्लॅन आणि भाग त्यांच्याकडे आहेत का, हे आधीच विचारा. खोलण्यापूर्वी पंप बेंचवर चढवून आहे त्या स्थितीतलं माप लिहून घ्यायला सांगा, काम झाल्यावरचं माप शेजारी. वेगवेगळ्या फेऱ्यांना किती डिझेल दिलं आणि पोटातला दाब किती, हे दोन्ही कागदावर हवेत. "पिकअपसाठी थोडं डिझेल वाढवून देतो" असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. फुल लोडचा स्क्रू आत घेतला की चार दिवस गाडी चपळ वाटते, मग काळा धूर, मायलेज गेलं, हेड तापलं, आणि पीयूसीला धुराच्या दाटपणाची 65 एचएसयूची मर्यादा ओलांडून गाडी नापास. तुमच्या रस्त्यावर तर हा मोह आणखी वाईट: पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर आहे, वर हवा विरळ, टर्बो नाही, तिथे जास्तीचं डिझेल जळणार कशाने? घाटमाथ्यावर थोडा काळसर धूर येणं या इंजिनाला साहजिक आहे, त्यासाठी स्क्रू फिरवायचा नसतो.

परत बसवताना रेघ जुळवली की झालं, असं समजू नका. पंप खोलला असेल तर आतलं माप बदललेलं असतं. पंपाच्या डोक्यावरचा मधला बोल्ट काढून तिथे डायल गेज लावायचं आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्लंजर लिफ्टला टायमिंग बांधायचं. कानाने ऐकून पंप पुढेमागे करणाऱ्यांकडे हे काम देऊ नका. बसवल्यावर कोरडा सेल्फ मारत राहू नका, आधी प्रायमरने पंप भरा, मग चारही पाइप नट सैल ठेवून डिझेल येईपर्यंत थोडा थोडा सेल्फ, मग नट आवळा.

तुमच्यासाठी क्रम असा: उद्या सकाळी प्रायमर, त्याच आठवड्यात घाटात टाकीचं झाकण, मग पारदर्शक होज. प्रायमर दाबल्यावर काय जाणवलं, तोंड वर आणि तोंड खाली उभी केल्यावर काय फरक दिसला आणि पूर्वी कुणी पंपाच्या बोल्टना हात लावला होता का, एवढं कळवा. त्यावरून हीटर प्लग आधी मोजायचे की टाकी आधी उतरवायची ते सांगतो.